समुपदेशकाची खोली ओस का पडते?

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: "कॉलेजातल्या समुपदेशकाच्या खोलीत कुणी फिरकत नाही, म्हणजे मुलांना गरजच नाही. ज्याला हवं त्याला ऑनलाइन सोय आहे. मग पगारी माणूस ठेवणं ही उधळपट्टी."

आधी 'गरज नाही' हे घेऊ. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, 2022 च्या अहवालात देशभरातल्या 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. हे ठाऊक असलेल्या शिक्षकाने तो मजकूर पुढे पाठवावा, याचं मला फार वाईट वाटतं.

खोली ओस का पडते, ते तिथे जाऊन बघा. बऱ्याच कॉलेजांत ती ऑफिसच्या खिडकीला लागून असते. फीच्या रांगेतल्या वर्गमित्रांना आत कोण गेलं ते दिसतं. दारातल्या रजिस्टरमध्ये नाव, वर्ग, रोल नंबर आणि पुढे 'भेटीचे कारण' असा रकाना. त्यात एकोणीस वर्षांच्या मुलीने काय लिहायचं? शिवाय आत बसलेल्या मॅडमच तिला मानसशास्त्र शिकवतात, इंटर्नलचे मार्कही त्यांच्याच हातात. तिला मदत हवीच असते, पण या अटींवर नको असते. वेळ अकरा ते चार, म्हणजे ऐन लेक्चर-प्रॅक्टिकलची.

ऑनलाइन सोय आहे, हे खरं. टेलि-मानस या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आयकॉल या समुपदेशन सेवेकडे ईमेलने, चॅटनेही मन मोकळं करता येतं. तोंडाने सांगवत नाही ते टाइप करता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण होस्टेलच्या खोलीत तिघं रूममेट असले की फोनवर बोलायला जिना गाठावा लागतो. वन रूम किचनमध्ये तेवढाही आडोसा नाही. आणि हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेला बसू न दिलेल्या मुलासाठी हेल्पलाइनवरचा माणूस प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊ शकत नाही. कॉलेजातला समुपदेशक, त्या मुलाला विचारून, जाऊ शकतो.

राहिली उधळपट्टी. 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिले आहेत. तेव्हा नेमणूक तर करायचीच आहे. ती करताना त्या माणसाकडे शिकवणं आणि मार्क देणं ठेवू नका, खोली ऑफिसपासून लांब द्या, ते रजिस्टर बंद करा आणि भेटीची वेळ मेसेजवर ठरवता येऊ द्या.