पांढऱ्या डागांवरून एमएस ठरत नाही
पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: "मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे डाग म्हणजे एमएस, एनएमओ आणि मॉगॅड ही त्याचीच नवी नावे, औषध सगळ्यांना स्टेरॉइड, रक्तचाचण्या ही लुबाडणूक." एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आणि मॉगॅड (मॉग प्रतिपिंडांशी संबंधित आजार) या तिन्हींत शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवर हल्ला करते. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावशीला एनएमओ आहे, त्यामुळे हा संदेश मला निरुपद्रवी वाटत नाही.

पांढरे डाग अर्धशिशीत, उच्च रक्तदाबात आणि उतारवयातही दिसतात. निदानासाठी त्यांची जागा आणि आकार पाहावा लागतो. एमएसमध्ये ते मेंदूतील पोकळ्यांलगत अंडाकृती असतात आणि मज्जारज्जूतील डाग बहुधा आखूड असतो, तर एनएमओमध्ये तो अनेकदा तीन किंवा अधिक मणक्यांच्या लांबीचा असतो.

"नवी नावे" हे तर साफ चूक आहे. फ्रेंच डॉक्टर डेविक यांनी एनएमओचे वर्णन 1894 मध्येच केले होते. त्याची विशिष्ट प्रतिपिंडे (अँटिबॉडी) 2004 मध्ये सापडली आणि ती ॲक्वापोरिन-4 या प्रथिनावर हल्ला करतात हे 2005 मध्ये कळले. हे प्रथिन मायलिनवर, म्हणजे एमएसमध्ये इजा होणाऱ्या मज्जातंतूंच्या आवरणावर, नसून ॲस्ट्रोसाइट या मेंदूतील आधार देणाऱ्या पेशींवर असते, म्हणजे पहिला घाव एमएसपेक्षा वेगळ्याच ठिकाणी बसतो. मॉगॅडमध्ये मायलिनच्या पृष्ठभागावरील मॉग प्रथिन लक्ष्य होते.

स्टेरॉइडविषयीचे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच अधिक धोकादायक आहे. तीव्र झटक्यात, म्हणजे लक्षणे अचानक उफाळतात तेव्हा, तिन्ही आजारांत शिरेतून स्टेरॉइड देतात. परंतु पुढचे झटके टाळण्यासाठी एमएसमध्ये दिली जाणारी इंटरफेरॉन बीटा, नॅटालिझुमॅब किंवा फिंगोलिमॉड ही औषधे एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार बळावू शकतो, आणि एनएमओच्या एकेका झटक्याने दृष्टी किंवा पायांतील बळ कायमचे जाऊ शकते. उलट मॉगॅडच्या बऱ्याच रुग्णांना एकच झटका येतो, त्यामुळे प्रत्येकाला दीर्घकाळ औषध लागतेच असे नाही.

मावशीला तीन आठवडे उचक्या आणि उलट्या होत होत्या. ॲसिडिटी समजून औषधे बदलली गेली, एंडोस्कोपीही झाली. एनएमओमध्ये मेंदूच्या खालच्या भागातील उलटीच्या केंद्राला सूज आल्याने असे होऊ शकते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही; पाय लुळे पडल्यावर या प्रतिपिंडांसाठी रक्त तपासले गेले.

सरसकट चाचण्या करू नयेत, एवढे मात्र मलाही मान्य आहे: लक्षणे जुळत नसताना मॉगची चाचणी केली तर कमी पातळीचा खोटा पॉझिटिव्ह निकाल येऊ शकतो. लक्षणे जुळत असतील तर पेशींवर प्रतिपिंडे चिकटतात का हे पाहणाऱ्या पेशी-आधारित पद्धतीचीच चाचणी मागावी, कारण एलायझा या दुसऱ्या पद्धतीची विश्वासार्हता कमी आहे, आणि शक्यतो उपचार म्हणून प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) बदलण्यापूर्वीच रक्त द्यावे, कारण त्या उपचाराने प्रतिपिंडेही रक्तातून निघून जातात.