‘समुद्र अथांग आहे, मासे कधी संपत नसतात’: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

पावसाळी मासेमारी बंदी लागली की दरवर्षी एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, आशय तोच राहतो. समुद्र अथांग आहे, त्यातली मासळी संपणं शक्य नाही. एकेक मादी लाखो अंडी घालते. मासळी कमी झालेली नाही, खोल पाण्यात गेली आहे. बंदी फक्त वादळापासून होड्या वाचवण्यासाठी आहे. आणि जाळ्यांवरचे, एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीवरचे निर्बंध म्हणजे गरीब कोळ्याच्या पोटावर पाय. मच्छीमाराची बाजू घेऊन बोलल्यासारखा वाटतो म्हणून तो लोकांना पटतो आणि पुढे जातो. मला तो मच्छीमाराच्याच मुळावर उठणारा वाटतो.

‘समुद्र अथांग आहे.’ आहेच. पण मासळी त्यात सगळीकडे सारखी पसरलेली नसते. सूर्याचा उपयोगी प्रकाश पाण्यात फार तर दोनशेक मीटर उतरतो. त्या प्रकाशावर प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात, प्लवंगांवर बारीक मासे, त्यांच्यावर मोठे. प्लवंगांना लागणारं नायट्रेट-फॉस्फेटचं खत नद्या आणून टाकतात, किंवा तळाचं थंड पाणी वर येतं तिथे मिळतं. म्हणून जगातली बहुतेक मासळी किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात, समुद्रबूड जमिनीवर सापडते, आणि हा पट्टा महासागरांच्या एकूण क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान आहे. त्यापलीकडचं निळंशार पाणी बरंचसं रिकामं असतं. आपल्या होड्या, ट्रॉलर (मागे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी), पर्ससीन नावाची मोठी घेरजाळी टाकणारे आणि शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या बोटी असे सगळे त्या एकाच पट्ट्यात जाळी टाकतात.

हा दावा नवाही नाही. १८८३ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनात थॉमस हेन्री हक्सली या नामवंत शास्त्रज्ञाने सांगितलं होतं की कॉड, हेरिंग यांसारख्या मोठ्या सागरी मासेमाऱ्या बहुधा कधीच आटणार नाहीत. त्याने एक अट मात्र जोडली होती: मासेमारीच्या तेव्हाच्या पद्धतींचा विचार करता. पुढे पद्धती बदलल्या आणि ती अट लोक विसरले. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर कॉड शतकानुशतकं मिळत होता. १९५० नंतर तिथे परदेशी कारखानी जहाजं आली, समुद्रातच मासे सोलून गोठवू लागली. १९६८ मध्ये पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली आणि मग कोसळली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द आखून परक्यांना बाहेर काढलं, पण स्वतःचे ट्रॉलर वाढवले. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार १९८० च्या दशकात ओरडून सांगत होते की जाळ्यात येणारा कॉड दर हंगामाला लहान होतोय. सरकारी अंदाज म्हणत होते, साठा भरपूर आहे. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली, आणि ३० हजारांच्या आसपास लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून आली होती. ती उठायला २०२४ उजाडलं, आणि कॉड अजून पूर्वीच्या संख्येच्या जवळपासही नाही. त्या किनाऱ्यावरच्या कोणालाही समुद्र किती मोठा आहे हे शिकवायची गरज नव्हती.

‘एक मादी लाखो अंडी घालते.’ घालते, पण त्यातली बहुतेक अंडी आणि पिल्लं इतरांच्या पोटात जातात. म्हणून तर ती लाखांनी घालावी लागतात. शिवाय मादी कोणती, यावर सगळं अवलंबून असतं. मोठ्या, वयस्क मादीची अंडी तिच्या वजनाच्या मानाने कितीतरी जास्त असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा हिशेब असा, की ३० किलोची एक कॉड मादी घालते तेवढी अंडी २ किलोच्या २८ माद्या मिळूनही घालत नाहीत. आपण बाजारात पहिली मागणी मोठ्या सुरमईला, मोठ्या पापलेटला करतो, आणि बारीक भोकांच्या जाळ्यांत तळहाताएवढं पापलेट एकदाही अंडी न घालता उचललं जातं. दोन्ही टोकांनी कात्री लागल्यावर लाखांचा हिशेब कुठे उरतो? मुशी आणि पाकट यांना तर तो लागूच होत नाही. त्यांच्या बहुतेक जातींना एका वेळी मोजकी पिल्लं होतात आणि वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला, तो याच कारणासाठी.

‘मासळी खोल गेली आहे.’ यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. अरबी समुद्र तापतो आहे, काही जाती जागा बदलत आहेत. तारलीचं (सार्डिन) तर नैसर्गिक चढ-उतारांसाठी नावच आहे: केरळात २०१२ मध्ये ती सुमारे ४ लाख टन मिळाली, २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन, आणि नंतर पुन्हा वाढली. एल निनोसारख्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्यासारख्या, कारणांचा त्यात मोठा हात असतो. पण आपल्या ट्रॉलरवाल्यांकडे थवे शोधणारी फिश फाइंडर यंत्रं आहेत, आठ-आठ दहा-दहा दिवसांच्या फेऱ्या आहेत. मासळी नुसती सरकली असती तर ती त्यांना सापडली असती. तरीही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राची पकड २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ वादळांनी बरेच दिवस बुडवले, हेही खरंच. मात्र बोंबलाचं काय? तो खाडीमुखांजवळच्या गढूळ, उथळ पाण्यात डोल, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या, जाळ्यांत येणारा मासा. त्याच्या खाड्यांत सांडपाणी सोडलं, कांदळवन तोडलं, भराव टाकले. या नुकसानीला ‘खोल गेला’ हे उत्तर होत नाही.

‘बंदी फक्त वादळासाठी.’ तसं असतं तर पूर्व किनाऱ्यावरची बंदी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आली असती, कारण बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा मोठा हंगाम तो आहे. तिथली बंदी असते १५ एप्रिल ते १४ जून. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. जीव वाचतात हा फायदा आहेच, पण अनेक जातींच्या विणीला उसंत मिळावी हा हेतू तितकाच मोठा आहे. कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळीवाडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आले आहेत. बिगरयांत्रिक होड्यांना तर आजही ही बंदी लागू नाही. मजकूर हे सांगत नाही.

‘निर्बंध म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय.’ सर्वांत जास्त राग मला याच वाक्याचा येतो. हे निर्बंध मागितले कोणी? १९७० च्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, किनाऱ्यालगत घुसणाऱ्या ट्रॉलरविरुद्ध रान उठवलं, तेव्हा कुठे गोव्याचा मासेमारी नियमन कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. मालवणच्या गाबित मच्छीमारांनी, रापणीवर जगणाऱ्यांनी पर्ससीन आणि एलईडीविरुद्ध मोर्चे काढले. पर्ससीन अख्ख्या थव्याभोवती टाकतात आणि तळाची दोरी ओढून बटव्यासारखी आवळतात. थवा अखंड उचलला जातो. त्यावर जनरेटरचे प्रखर दिवे लावले की दूरचीही मासळी गोळा होते, आणि दुसऱ्या दिवशी रापण ओढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी आणली. पर्ससीन आणि एलईडी या दोन्हींचं भांडवल उभं करणं छोट्या होडीवाल्याच्या ऐपतीतलं नाही. त्याच्या नावाने ही बंदी उठवा म्हणणारा मजकूर ज्याच्या फायद्याचा आहे, त्याच्याकडे इंजिन मोठं आहे.

एका गोष्टीत मात्र मजकुराच्या मागचा संताप खरा आहे. बंदीच्या काळात घर चालवायचं कसं? केंद्राच्या बचत-नि-मदत योजनेत मच्छीमार स्वतःचे १,५०० रुपये भरतो, सरकार ३,००० घालतं, आणि तीन महिन्यांत मिळून त्याला ४,५०० रुपये मिळतात. म्हणजे महिन्याला दीड हजार, त्यातलेही पाचशे त्याचेच. खलाशाच्या घरी एवढ्यात किराणाही भरत नाही. पुढच्या जूनमध्ये हा मजकूर आला तर तो पाठवणाऱ्याला हा आकडा विचारा, आणि ही रक्कम वाढवून मागणारा मजकूर लिहिणार असाल, तर तो पुढे पाठवायला मी तयार आहे.