लॅपटॉप अडकला म्हणजे तापलाच, असं नाही

गेमिंग लॅपटॉप मध्येच हँग होतो, यावरचा एक निरोप बरेच दिवस या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला, तिसऱ्यांदा खुद्द भाच्याकडून. निरोपाचं म्हणणं थोडक्यात असं: गेमिंग लॅपटॉप अडकतो तो तापल्यामुळेच, दुसरं कारण नसतं. म्हणून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) बदला, खाली कूलिंग पॅड ठेवा. प्रोसेसरचं व्होल्टेज 100 मिलीव्होल्टनं उतरवा. रॅम वाढवा आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद करा. बायोसला (विंडोजच्याही आधी जागं होणारं, बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) मात्र हात लावू नका. एवढं करूनही अडकला तर फॉरमॅट मारा.

भाच्यानं पेस्ट आणि पॅड दोन्ही करून पाहिलं होतं. पैसे गेले, लॅपटॉप अडकतच राहिला, आणि मग मामाची आठवण झाली. निरोपातला एकूण एक मुद्दा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण क्रम उलटा आहे, आणि पहिलंच वाक्य चुकीचं आहे.

तापलेला लॅपटॉप करतो तरी काय? प्रोसेसरच्या आतच तापमान मोजायची सोय असते. मर्यादा जवळ आली (इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांना ती 100 अंश सेल्सिअस असते) की तो स्वतःच आपला वेग उतरवतो. गेममध्ये सेकंदाला 90 फ्रेम मिळत होत्या त्या 45 वर येतात, पंखे बोंबलायला लागतात, पण गेम चालू राहतो. एवढ्यानंही तापमान चढतच गेलं, तर वीजच तोडली जाते आणि स्क्रीन एका क्षणात काळी होते. म्हणजे उष्णतेनं लॅपटॉप एक तर धापा टाकतो, नाहीतर विझतो. भाच्याची तक्रार यातली कुठलीच नव्हती. चित्र जागच्या जागी थिजलेलं, शेवटच्या गोळीचा आवाज ‘र्र्र्र्र’ करत अडकलेला, आणि पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही.

अपवाद आहेत. ग्राफिक्सची मेमरी किंवा एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) अति तापली तर मशीन अडकूही शकतं, आणि एखादा मुळातच कच्चा भाग उन्हाळ्यात लवकर उघडा पडतो. आम्ही नागपूरचे. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना, 35 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेल्या मशीनकडून फार अपेक्षा ठेवू नयेत हे आम्हाला कोणी सांगायला नको. म्हणूनच मी भाच्याला पहिला प्रश्न केला, "हे कधीपासून?" तो म्हणाला, "दिवाळीनंतर." दिवाळीनंतर! म्हणजे ज्या दिवसांत आमच्याकडे रात्री दुलई लागते, त्या दिवसांत हा लॅपटॉप अडकायला लागला होता. निरोप त्याच्याकडे एप्रिलमध्ये आला, घाम पुसत वाचला आणि पटला.

नुसत्या तर्कावर कशाला थांबायचं? एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात लॉग चालू करून गेम खेळत बसा. दर दोन सेकंदांनी तापमान, वेग, वीज, सगळं एका फाइलमध्ये उतरत राहतं. लॅपटॉप अडकला की परत चालू करून फाइलची शेवटची ओळ बघायची. भाच्याच्या फाइलमध्ये शेवटच्या ओळीत प्रोसेसर 81 अंशांवर होता, ग्राफिक्स 72 वर. त्याच्या आदल्या दिवशी प्रोसेसर 96 पर्यंत जाऊन आला होता आणि तो सामना शेवटपर्यंत सुरळीत चालला होता. 96 ला चालणारा आणि 81 ला अडकणारा लॅपटॉप उष्णतेनं अडकतोय असं म्हणायला मी तयार नाही.

‘दुसरं कारण नसतं’ हे तर त्याहून वाईट, कारण ‘हँग’ या एका शब्दात आपण चार वेगवेगळे आजार कोंबतो. अडकल्यावर घाईनं पॉवर बटण दाबू नका. आधी कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा दिवा बघा. दिवा लागतो-विझतो, म्हणजे आत विंडोज जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. एक बीप येते, स्क्रीन लुकलुकते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स यांच्यातलं दुभाषी सॉफ्टवेअर) नव्यानं उठतो. चित्र परत आलं तर संशय ग्राफिक्सवर. विंडोज स्वतःही हेच करतं: ग्राफिक्सनं साधारण दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर ड्रायव्हर रीसेट करून 4101 क्रमांकाची नोंद ठेवतं.

माउस फिरतोय, उघडं असलेलं पान सरकतंय, पण नवीन फोल्डर उघडायला गेलं की सगळं ठप्प, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के आणि वाचन-लेखन शून्य, असं असेल तर एसएसडीकडे वळा. सगळं चालू आहे पण मुंगीच्या पावलानं, आणि प्रोसेसरचा वेग 0.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चिकटलाय? मग बऱ्याचदा गोष्ट चार्जरची निघते. पिन ढिली झालेली असते, किंवा 230 वॅट मागणाऱ्या मशीनला कोणीतरी फोनचा टाइप-सी चार्जर लावलेला असतो. आणि कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल, तर विंडोजचा गाभाच थांबलाय. तिथे रॅम, प्रोसेसर, बोर्ड आणि अगदी खालच्या थरातले ड्रायव्हर संशयित. भाच्याचा दिवा हलत नव्हता.

यानंतर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडायचं, विंडोज लॉग्स, मग सिस्टिम. इथे एक उपनिरोपही फिरतो: ‘कर्नल-पॉवर 41’ दिसलं म्हणजे पॉवर सप्लाय गेला. नाही हो! 41 चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. तुम्ही स्वतः बटण दाबून बंद केलंत तरी ती नोंद पडते. ती पंचनाम्याची तारीख आहे, खुन्याचं नाव नव्हे. नाव हवं असेल तर तिच्या वरखालच्या मिनिटांत बघा. ‘व्हिया-लॉगर’ (WHEA-Logger) असेल तर हार्डवेअरनं स्वतः तक्रार नोंदवली आहे. 129 क्रमांक असेल तर एसएसडीनं उत्तर देणं थांबवलं होतं. काहीच नसेल तर तीही माहितीच. मशीन इतकं अचानक थांबलं की लिहायलाही वेळ मिळाला नाही.

पेस्ट आणि पॅडवर फार वेळ घालवत नाही. पॅड काही अंश उतरवतो, पण मागची बाजू दोन पुस्तकांवर उचलली तरी बराचसा तोच फायदा मिळतो. पेस्ट काही वर्षांनी सुकते हे खरं, दीड वर्षाच्या लॅपटॉपला सहसा तिची गरज नसते. धोका वेगळाच आहे. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच पेस्टऐवजी लिक्विड मेटल येतं. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं, आणि ते विजेचं वाहक असल्यानं एक थेंब बोर्डावर सांडला तर लॅपटॉप कायमचाच शांत. आपल्या मॉडेलमध्ये काय आहे हे न बघता कोपऱ्यावरच्या दुकानात ‘पेस्ट मारून द्या’ म्हणू नका. आणि विदर्भातल्यांसाठी जाता जाता: लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी ठेवून खेळू नका. ती हवा गार असते तशी ओलीही असते.

व्होल्टेज उतरवण्याचा सल्ला ऐकायला सगळ्यात हुशार वाटतो आणि अडकणाऱ्या मशीनसाठी तोच सगळ्यात घातक. कमी व्होल्टेजवर प्रोसेसर कमी तापतो, बरोबर. पण किती कमी चालेल हे प्रत्येक चिपचं वेगळं. माझ्याला 100 मिलीव्होल्ट पचले म्हणून तुमच्याला पचतील असं नाही, आणि न पचल्याचं लक्षण काय, तर लॅपटॉप अडकणं. त्यातही गंमत अशी की गेममध्ये तासभर ठीक चालतो आणि नुसता डेस्कटॉप उघडा असताना थिजतो, कारण आधीच उतरलेल्या व्होल्टेजमधूनही तेवढाच तुकडा कापला जातो. 2019 च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेची पळवाट जाहीर झाल्यापासून अनेक कंपन्यांनी ही सोय बायोसमधून कुलूपबंदच केली. तुमच्याकडे ती उघडी असेल आणि कधीकाळी काही फिरवलं असेल, तर अडकण्याचं कारण शोधताना पहिलं काम ते शून्यावर आणायचं.

आता रॅम. ‘रॅम वाढवा.’ भाच्यानं ती आधीच वाढवली होती. कधी? दिवाळीच्या सेलमध्ये. लॅपटॉपबरोबर आलेली 8 जीबीची पट्टी आणि शेजारच्या रिकाम्या स्लॉटमध्ये नवीन 8 जीबी. दोन्ही 3200 वेगाच्या, कागदावर खोट काही नाही. हे त्यानं मला सांगितलंच नव्हतं, कारण रॅम वाढवणं हा त्याच्या डोक्यात इलाज होता, कारण नव्हे. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी त्यानं पूर्वीच केली होती, ती ‘दोष नाही’ म्हणाली होती. पण ती वरवरची असते. मी पेनड्राइव्हवर मेमटेस्ट86 टाकलं आणि रात्री जेवणानंतर लावून दिलं. ही चाचणी विंडोज चालू न करता चालते, चार फेऱ्या मारते, आणि 16 जीबीला काही तास सहज लागतात. पहिली फेरी स्वच्छ गेली. भाचा म्हणाला, "बघ मामा, रॅम नाहीये." दुसऱ्या फेरीत लाल ओळी यायला लागल्या. आधी एक, मग भराभर खाली सरकणारी रांगच.

तिथेही थांबायचं नाही, कारण दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये हे कळलं नव्हतं. खालचं झाकण उघडलं, बॅटरीचा कनेक्टर सोडवला, नवी पट्टी काढून जुनी एकटीच ठेवली: चारही फेऱ्या स्वच्छ. मग जुन्या पट्टीच्या स्लॉटमध्ये नवी एकटी: लाल. स्लॉट बदलला तरी चुका पट्टीच्या मागोमाग आल्या, म्हणजे चोर पट्टीच. फक्त गेममध्येच का अडकायचं याचंही उत्तर मिळालं. ब्राउझर आणि अभ्यासाच्या फाइलींना मेमरीचा तो खराब कोपरा क्वचित लागायचा. गेम सुरू झाला की मेमरी काठोकाठ भरायची आणि कधीतरी नेमकं तिथेच पाऊल पडायचं. (रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर हा अदलाबदलीचा खेळ खेळता येत नाही. तिथे लाल ओळ दिसली की सरळ सर्व्हिस सेंटर.)

पेजफाइल बंद करण्यानं तर उरलासुरला पुरावाही जातो. मोठे गेम वापरतात त्याहून जास्त मेमरी आधीच राखून ठेवतात, आणि ती हमी देताना विंडोज पेजफाइलचीही जागा मोजतं. ती काढली की 16 जीबीमध्ये गेम अधिक ब्राउझर एवढ्यावरच मेमरी संपते. वर, निळी स्क्रीन आली तर मेमरीची नोंद डिस्कवर उतरवायला विंडोजला पेजफाइलच लागते. ती ‘सिस्टिम मॅनेज्ड’ वर ठेवा आणि विसरून जा.

बायोसला हात लावू नका, हा सल्ला एकेकाळी बरा होता. आता मात्र अडकण्याची काही कारणं फक्त तिथेच दुरुस्त होतात. 2022 च्या मार्चमध्ये एएमडीनं स्वतः मान्य केलं की काही रायझन मशीन सुरक्षेच्या एफटीपीएम सोयीमुळे विंडोजमध्ये मधूनच अडखळतात. उपाय बायोस अपडेटमधून आला. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन770 आणि एसएन580 या एसएसडींच्या काही मॉडेलवर निळ्या स्क्रीन यायला लागल्या. तो गोंधळ एसएसडीच्या फर्मवेअरनं (तिच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटनं) सुटला, पेस्टनं नव्हे. उलट टोकही नको: इंटेलच्या 13व्या-14व्या पिढीतला व्होल्टेजचा गाजलेला दोष डेस्कटॉप प्रोसेसरांचा होता, लॅपटॉपच्या चिपांना तो लागू नाही असं इंटेलनं सांगितलंय. तेव्हा त्या नावानं लॅपटॉप विकायला काढू नका. बायोस अपडेट करायचाच असेल तर चार्जर लावून, आणि त्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) 48 अंकी किल्ली कुठेतरी लिहून ठेवून. नाहीतर अपडेटनंतर विंडोज दारातच ती मागतं.

राहिलं फॉरमॅट. ड्रायव्हरांचा चिवडा झाला असेल तर त्यानं फरक पडतो, नाही कशाला म्हणू? पण खराब पट्टी, सैल पिन किंवा मरायला टेकलेली एसएसडी फॉरमॅटनं सुधारत नाही, आणि इव्हेंट व्ह्यूअरमधला सगळा इतिहास मात्र पुसला जातो. त्याऐवजी एक संध्याकाळ पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. तिथेही तसाच थिजला तर विंडोज निर्दोष, आणि तुमचा डेटा जागच्या जागी.

भाच्यानं लाल ओळींचा फोटो काढला आणि पट्टी घेऊन दुकानात गेला. वॉरंटी होती. काउंटरवरच्या माणसानं पट्टी हातात घ्यायच्या आधी विचारलं, "फॉरमॅट मारून बघितलं का?" भाच्यानं काही न बोलता फोन पुढे केला. दहा मिनिटांत बदली पट्टी मिळाली. त्या रात्री मेमटेस्ट पुन्हा चार फेऱ्या चाललं, आणि सकाळी सातला मला त्याचा फोटो आला. सगळं हिरवं.