एक सूत कमी

काठाच्या खाली थांबणं आम्हा नागपूरकरांना जमत नाही. पोह्यांवरची तर्री प्लेटीतून मनगटावर आली की मगच आम्ही "बस भाऊ" म्हणतो. कूलरची टाकी भरली हे आमच्या घरी फरशीवर पाणी आल्यावर कळतं. अशा माणसानं रोख पैसे मोजून मासे धरायची 300 मीटर दोरी आणायची आणि वर त्याला सांगायचं, रीळ पूर्ण भरू नका. का म्हणून? दुकानदारानं पैसे काही कमी घेतले नव्हते.

रीळ टेक्सासातून आलं. भाचा सुट्टीवर आला, सगळ्यांना चॉकलेटं वाटली आणि मला मासे धरायचा रॉड आणि बेटकास्टिंग रीळ दिलं. लहानपणी मी वैनगंगेवर मासे धरायचो, असं मी त्याला कधीतरी सांगितलं होतं. (धरायचो नाही. धरणाऱ्यांच्या बाजूला बसून मुरमुरे खायचो. पण भाच्यासमोर मामाला काही इज्जत असते.)

दिसायला ते सायकलच्या डायनमोएवढं. रॉडच्या पाठीवर बसतं, बाजूला दांडा, मधोमध दोरी गुंडाळायचा चकचकीत स्पूल. अंगावर '12/120' असं कोरलेलं. मला वाटलं बॅच नंबर असेल. बारा पौंडांची दोरी एकशेवीस यार्ड मावते, म्हणजे साधारण 110 मीटर, असा तो हिशेब आहे हे फार उशिरा कळलं. त्या रात्री मी टीव्हीसमोर बसून दांडा फिरवत राहिलो. दोरी बाहेरच्या चौकटीला घासून खर्र खर्र वाजायला लागली, तेव्हा कुठे थांबलो.

"भरलं?" बायकोनं विचारलं.

"टाइट," मी म्हटलं.

सकाळी सहाला गच्चीवर गेलो. एप्रिलचा महिना, आठनंतर नागपूरच्या गच्चीवर फक्त पापडांनी थांबावं. दोरीला सरावाचा रबरी गोळा होता, गळबिळ काही नाही. बाजूच्या गच्चीवर काकूंनी जुन्या लुगड्यावर कुरोड्या टाकल्या होत्या. मी अंगठ्यानं स्पूल मोकळा करणारं बटण दाबलं, रॉड खांद्यामागे नेला आणि भाच्यानं दाखवला तसा झटका दिला.

फुर्रर्र. मग टक्.

दोरी तोडून गोळा एकटाच पुढे गेला आणि कुरोड्यांत उतरला. माझ्या हातात रीळ, आणि रिळावर नुकतीच मेंढी भादरल्यासारखा लोकरीचा ढीग.

"काय करून राहिला रे बाप्पा?" काकू जिन्यातूनच ओरडल्या. "वानरं कमी होती का आमच्या गच्चीवर?"

खालून शेजारचा पोट्टा वर बघत होता. "काका, नायलॉन मांजा?" राष्ट्रीय हरित लवादानं 2017 साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली आहे, तेव्हा त्याची शंका रास्तच होती. मी म्हटलं, नाही रे, मासे धरायची दोरी आहे. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आमच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं आणि सायकल काढून गेला.

अमेरिकेत या गुंत्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. बायकोनं चष्मा लावून जवळून पाहिलं. "सुगरणीचं नाही वाटत," ती म्हणाली, "कावळ्याचं आहे."

तो गुंता सोडवायला बसलं की दुपार जाते. वरचा फास ओढावा तर तो खालच्या फासाच्या पोटातून निघतो, खालचा सैल करावा तर तो तिसऱ्याला आवळतो. नायलॉनची दोरी पारदर्शक, म्हणजे जे सोडवायचं तेच दिसत नाही. मी स्वेटर विणायची सुई वापरली, टूथपिक वापरलं, एकदा दातही वापरले. भाच्यानं फोनवर एक युक्ती सांगितली, ती मात्र खरी निघाली. अंगठ्यानं स्पूल घट्ट दाबून धरायचा, दांड्याला दोन-तीन फेरे द्यायचे, मग बटण दाबून दोरी ओढायची. बरेचसे फास आपोआप निघून येतात. उरलेले मी कात्रीनं काढले.

हे का होतं, ते पतंगवाल्याला लगेच कळेल. चक्री धरून आपण मागे उभे असतो, पतंग ओढ घेतो, चक्री गरागरा फिरते. मधेच पतंग गोता खातो आणि ओढ संपते. चक्रीला ते कोण सांगणार? ती फिरतच राहते आणि मांजा पायाशी ढिगानं पडतो. मग उडवणारा मागे वळून चक्री धरणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. (मी बालपणभर चक्रीच धरली.) या रिळाचंही तेच. साध्या स्पिनिंग रिळाचा स्पूल फेकताना जागचा हलत नाही, दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटते. बेटकास्टिंगचा स्पूल स्वतः फिरतो. गोळा हवेत मंदावला तरी स्पूल पहिल्याच जोरात दोरी सोडत असतो. त्यात तो गच्च भरलेला, म्हणजे जड. जड चाक उशिरा थांबतं, आणि कडेपर्यंत आलेली दोरी तर बाहेर सांडायला टपलेलीच असते.

"मामा, काठोकाठ भरलं ना?" भाचा म्हणाला. "वन-एट्थ इंच खाली ठेवायचं असतं."

मी नाक मुठीत धरून दोरी काढली. आणि माणसाचा स्वभाव बघा, एकदा पोळल्यावर मी निम्मीच ठेवली. गुंता झाला नाही, हे खरं. पण आता दांडा फिरवून फिरवून मनगट दुखायला लागलं. माझ्या रिळात दांड्याच्या एका फेऱ्याला स्पूल 6.3 वेळा फिरतो. स्पूलवरच्या दोरीचा घेर 30 मिलिमीटर व्यासाचा असेल तर एका फेऱ्यात 59 सेंटिमीटर दोरी आत येते, तोच 24 वर आला तर 47. म्हणजे अमरावतीला जायचं आणि तिथून परत यायचं लहान चाकाच्या सायकलवर. शिवाय उद्या खरंच एखादा मोठा मासा लागला आणि दोरी घेऊन पळत सुटला, तर मागे शिल्लक काय? गाठ!

शेवटी रीळ पिशवीत घालून मी आमच्या कूलरची मोटर बांधणाऱ्याकडे गेलो. तांब्याची तार गुंडाळण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. सीझन होता, दुकानात जळक्या मोटरींचा ढीग होता, तरी त्यानं रीळ हातात घेऊन अंगठ्यानं स्पूल फिरवून पाहिला.

"बेरिंग मस्त आहे. किती टर्न?"

"टर्न माहीत नाही. काठाच्या खाली इंचाचा आठवा भाग. म्हणजे तीन पॉइंट एक सात..."

"एक सूत कमी म्हणा ना भाऊ."

मी गप्प. घरात सुतार आला की मीच "दोन सूत तासा, दार अडकते" म्हणतो, आणि एवढ्या दिवसांत मला सूत आठवलं नव्हतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि सूत म्हणजे दोराही. टेक्सासला फोन करायची काही गरज नव्हती.

त्यानं माझं 300 मीटरचं बंडल तारेच्या स्टँडवर चढवलं, ओल्या फडक्याच्या चिमटीतून दोरी ताणून धरली आणि मला दांडा फिरवायला सांगितलं. "ढील देऊ नका. सैल बसली की वरचा थर खालच्यात घुसते." फिरवता फिरवता तो आकडे मोजत होता, सवयीनं. 185च्या आसपास "बस" म्हणाला, लोखंडी पट्टी स्पूलवर आडवी ठेवली, डोळा बारीक केला. "अजून पाच." पाच फेरे झाले. एक सूत. पैसे घ्यायला तयार नव्हता. "मच्छी आणा," म्हणाला.

मच्छीचं काय ते पुढे. आधी गच्ची. भाच्यानं सांगितल्याप्रमाणे स्पूलच्या बाजूचं फिरवायचं बटण इतकं आवळलं की गोळा सावकाश खाली उतरावा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. ब्रेक जरा जास्तच ठेवला. उरलेली दोरी मी कुरोड्यांची भरपाई म्हणून काकूंना आधीच देऊन टाकली होती, पावणेदोनशे मीटर तरी असेल. त्या खूश झाल्या.

झटका दिला. स्पूल गुणगुणला, अंगठा त्यावर अलगद टेकलेला, गोळा आमचा कठडा ओलांडून, काकूंच्या गच्चीवरून, एका सुंदर कमानीत गेला. एकही फास नाही. मी डोळे मिटून अंगठा दाबला.

उघडले तेव्हा गोळा काकूंच्या कुरोड्यांच्या वर, हातभर उंचीवर, अधांतरी लटकला होता. कशालाही न लागता. हळूहळू झोके घेत होता, मग कशाभोवती तरी दोन गिरक्या मारून घट्ट बसला. मी ओढलं तर काकूंच्या गच्चीच्या चारही कोपऱ्यांतून काहीतरी कुरकुरलं.

काकू चहाची बशी घेऊन वर आल्या. "कावळे बसत होते ना रे," त्या म्हणाल्या, "म्हणून बांधली वरून आडवी-उभी. दिसत नाही, पण चांगली मजबूत आहे हो तुझी दोरी."