बीट हवालदाराचं नाव काय?

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. विषय चोऱ्यांचा. अर्ध्या तासात ठराव पास, आणखी १६ कॅमेरे. मी विचारलं, "आपल्या बीटच्या हवालदाराचं नाव कुणाला माहीत आहे?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ११२ लावायचा. नाव कशाला पाहिजे?"

११२ बद्दल माझी काही तक्रार नाही. कॅमेरेही लावा. पण फुटेज बघायची वेळ येते ती घर फुटल्यावर.

मला भिवंडी आठवते. माझे मामा तिथे सुताची दलाली करायचे. यंत्रमागांच्या या गावाने १९७० आणि १९८४ अशा दोन भयंकर दंगली पाहिलेल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. शांतता कमिट्या आधीही होत्याच म्हणा. ठरलेले पुढारी, सणाच्या आदल्या दिवशी चहा-बिस्किटं, आणि पेपरात फोटो. खोपडे यांनी पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं बसवली, हिंदू आणि मुसलमान शेजारी-शेजारी, आणि सोबत त्या भागाचा पोलीस. बोलणं दंगलीवर कमी आणि नळ, गटार, घरमालक-भाडेकरूची भांडणं यावरच जास्त. मामा हसायचे, "पोलिसांना आता गटारं मोजायला लावलीत!"

डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली आणि मुंबईला खेटून असलेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांची तोवर बदली झाली होती, पण त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी खोपडेंनी बसवलेली घडी मोडली नव्हती. अफवा उठली की कमिटीतला माणूस थेट ओळखीच्या पोलिसाला विचारायचा. मामांच्या मते गाव वाचलं ते एवढ्यावरच.

मग जुलै २००६. त्याच भिवंडीत कब्रस्तानाशेजारी पोलीस ठाणं बांधायच्या वादात गोळीबारात माणसं मेली आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. कारणं बरीच असतील. मला दिसतं ते असं की तोवर ती ओळख उरली नव्हती. अधिकारी बदलतात, कमिट्या कागदावर राहतात, आणि नव्या साहेबांचं नवं अभियान येतं. तेही नव्या नावाचं, नव्या लोगोचं.

ओळख ठेवायची तर हवालदाराला वेळ पाहिजे. तो कुठून आणायचा? बारा-बारा तास ड्युटी, त्यात मंत्र्यांचा दौरा, मोर्चा, मॅच, मिरवणूक. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, तेव्हा तिचं वेळापत्रक तिथल्याच एका पोलीस कर्मचाऱ्याने आखलेलं होतं आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते उचलून धरलं. वरच्या कुठल्या समितीला जे सुचलं नाही, ते हजेरीला उभं राहणाऱ्याला सुचलं. माझ्या लेखी सुरक्षेचं याहून मोठं काम गेल्या दहा वर्षांत झालेलं नाही. पण मनुष्यबळच अपुरं असलं की सगळं पुन्हा बारा तासांवर येतं.

असो. काल संध्याकाळी मीच आमच्या बीट चौकीवर जाऊन आलो. दाराला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "बंदोबस्ताला गेलेत. गणपती झाल्यावर या."

मी त्यालाच नाव विचारलं. त्याला माहीत होतं.