कडीपाटाखाली बसून लाकडाची भीती

"झाडे तोडून घरे बांधायची आणि त्याला पर्यावरणरक्षण म्हणायचे, ही तुमच्या स्वीडनची कुठली रीत?" असे पुण्याहून काका विचारतात. शंका एकट्या काकांची नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगले वाचावीत म्हणून १९९३ मध्ये सरकारी इमारतींतील लाकडावर घातलेली बंदी २०२० पर्यंत टिकली होती. गंमत इतकीच की, काका हे बोलतात ते वाड्याच्या सागवानी कडीपाटाखाली बसून.

मी राहतो त्या शेलेफ्तेओ गावात २०२१ मध्ये 'सारा' हे सांस्कृतिक केंद्र उघडले. सुमारे ७५ मीटर उंचीच्या या इमारतीचा भार ग्लुलॅमचे (म्हणजे फळ्या एकाच दिशेने एकमेकींवर चिकटवून केलेले) खांब आणि सीएलटीच्या भिंती पेलतात. सीएलटी म्हणजे फळ्यांचे थर एकमेकांना आडवे ठेवून चिकटवलेले जाड फलक. याच देशात २५ जून १८८८ रोजी, एकाच दिवशी, उमेओ आणि सुंद्सवाल ही दोन्ही गावे जळाली, आणि त्यानंतर दोन मजल्यांहून उंच लाकडी घरांना शंभरेक वर्षे मनाई राहिली. १९९४ मध्ये नियमांनी साहित्याचे नाव घेणे सोडले आणि इमारत आगीत किती वेळ उभी राहिली पाहिजे, एवढेच विचारले. जाड लाकूड मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर या गतीने कोळसते आणि वरचा कोळसा आतल्या गाभ्याला उष्णतेपासून वाचवतो. त्यामुळे तासाभराच्या आगीसाठी सुमारे चार सेंटिमीटर लाकूड जादा धरता येते.

कार्बनचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. सिमेंटच्या भट्टीत इंधन तर जळतेच, शिवाय चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. उलट पाइनच्या एका घनमीटर लाकडात सुमारे पाऊण टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन अडकलेला असतो. पण तोडलेल्या जागी पुन्हा जंगल उभे राहिले आणि ते लाकूड पुढे जाळले गेले नाही, तरच हा हिशेब जुळतो. येथे तोडीनंतर पुनर्लागवड १९०३ पासून कायद्याने बंधनकारक आहे. तरीही एकसुरी लागवडीवर येथील निसर्गप्रेमी जी टीका करतात, ती मला रास्त वाटते.

म्हणूनच युरोपचे सूचिपर्णी लाकूड जहाजाने आणून मुंबईत मनोरे बांधावेत, असे मी म्हणणार नाही. तेथे चार महिन्यांचा दमटपणा आणि बारमाही वाळवी आहे. येथे थंडीत तापवलेल्या घरांत लाकूड कोरडे राहते. आपल्याकडे सुरुवात शेतबांधावरच्या निलगिरी-सुबाभळीपासून, दोन-तीन मजली शाळांपासून आणि पावसात भिजणार नाही अशा उंच जोत्यापासून व्हावी.

त्याआधी एक सोपे काम आहे. काकांचा वाडा पुनर्विकासाला गेला आहे आणि विकासकाने जुने लाकूड उक्ते विकायचे ठरवले आहे. शंभर वर्षे वाळलेल्या त्या तुळया नव्या इमारतीच्या जिन्याला आणि छपराला चालतील का, हे अभियंत्याकडून तपासून घ्या, असे मी काकांना कळवले आहे. उत्तर आलेले नाही.