एकत्र बसून खाल्लेली मासळी

वर्षानुवर्षे लक्षात राहिलेली जेवणे आठवू लागलो की त्यांत मासळीची जेवणे फार निघतात, आणि त्यांतले एकही मी एकट्याने जेवलेले नसते. समारंभांच्या मेजवान्यांत काय वाढले होते ते मला पुढच्या आठवड्यातही सांगता येत नाही. खेकड्यांच्या एखाद्या रात्री मात्र कोण कोणाच्या शेजारी बसले होते, कोणता वाद निघाला होता आणि तो मध्येच सोडून कोणी नांगी फोडायला घेतली होती, हे सगळे तपशिलाने आठवते. असे अनुभव सांगणारे बहुतेक लोक त्याचे श्रेय चवीला आणि ताजेपणाला देतात. मला ते अर्धेच पटते, कारण चवदार जेवणे इतरही पुष्कळ असतात. मासळी लक्षात राहते ती माणसांकडून ती जे करवून घेते त्यामुळे. ती सगळ्यांना एकाच वेळी बसायला लावते, हात गुंतवून ठेवते आणि घाईने उठू देत नाही.

वेळेचेच पाहा. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याच्या स्नायूंना शरीराचे वजन पेलावे लागते, त्यामुळे त्यांना बांधून ठेवणारे संयोजी ऊतक भरपूर आणि चिवट असते, आणि ते मऊ पडेपर्यंत मांस बराच काळ शिजवावे लागते. माशाचा भार पाणी उचलते. त्याच्यातले हे ऊतक थोडे आणि नाजूक असते, त्यातले कोलॅजन हे प्रथिन ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच विरघळू लागते आणि मांसाचे थर एकमेकांपासून सुटे होतात. व्यवहारात याचा अर्थ असा की माशाची तुकडी काही मिनिटांत तयार होते आणि दुर्लक्ष झाले तर तेवढ्याच वेळात कोरडीही पडते. माकुलाच्या (स्क्विडच्या) बाबतीत तर मधला मार्गच नाही. ते एक-दोन मिनिटांत उतरवावे, नाहीतर मंद आचेवर पाऊण-एक तास ठेवावे; अधेमध्ये काढलेले माकुल दातांना दाद देत नाही. मटणाचे पातेले उशिरा येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहू शकते, कोळंबी पाहत नाही.

माझी आत्या याबाबत निष्ठुर होती. माणसे पानावर बसल्याखेरीज ती तुकडी तव्यावर टाकत नसे, आणि ‘हा आलोच’ म्हणून आतल्या खोलीत रेंगाळणाऱ्यासाठी तिने कधी काही झाकून ठेवले नाही. त्यामुळे एरवी चार वेगवेगळ्या वेळांना जेवणारे आमचे घर मासळीच्या दिवशी एकत्र बसत असे. या शिस्तीचे श्रेय आम्ही आत्याच्या स्वभावाला देत आलो. त्यातले बरेचसे कोलॅजनचे होते.

पण माझ्या मते सर्वांत जमून येते ते खेकड्यांचे जेवण. त्याची सुरुवात स्वयंपाकघरातच होते, कारण खेकडे शिजताना मुलांना तिथून हलवता येत नाही. हिरवट-तपकिरी खेकडा उकळत्या पाण्यात पडला की डोळ्यांदेखत लाल-केशरी होतो. तो रंग बाहेरून येत नाही. ॲस्टाझॅन्थिन नावाचे लाल रंगद्रव्य कवचात आधीपासून असतेच. एका प्रथिनाने धरून ठेवल्यामुळे ते निळसर दिसत असते, आणि उष्णतेने त्या प्रथिनाची घडी विस्कटली की मूळ रंग मोकळा होतो. हे उत्तर मला मोठेपणी मिळाले. लहानपणी विचारले तेव्हा काकांनी ‘त्याला राग आला’ एवढेच सांगितले होते, आणि आम्हाला ते पुरेसे वाटले होते.

त्यानंतर फोडण्याचे काम. एका खेकड्यात खाण्याजोगे मांस थोडे, आणि तेही इतक्या लहान लहान कप्प्यांत दडलेले असते की पोट भरायला तासभर सहज लागतो. दोन्ही हात रश्शाने माखलेले असल्यामुळे फोन वाजला तरी उचलता येत नाही. बोलणेही तुटक होते: एखादे वाक्य, मग पायाच्या पेराशी झटापट, मग त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग. अशा वेळी वाद विकोपाला जाणे कठीण असते, कारण आवाज चढवण्याइतका कोणीही मोकळा नसतो. जमिनीच्या तंट्यावरून एकमेकांशी न बोलणारे दोन नातेवाईक ‘तो बत्ता जरा इकडे दे’ या वाक्याने बोलते झालेले मी पाहिले आहेत. तंटा त्यामुळे मिटला नाही, पण अबोला सुटला. या कामात पदालाही किंमत नसते. ज्यांच्यापुढे आम्ही कार्यालयात शब्द मोजून बोलत असू, ते वरिष्ठ एकदा आमच्या मित्रमंडळींत जेवायला आले आणि खेकड्याचे पाठीचे कवच कुठून सुटते हे पंक्तीतल्या सर्वांत धाकट्या मुलीकडून शिकत बसले.

एवढ्या श्रमाने हाती येणारे मांस गोड लागते, ही केवळ भुकेची किमया नाही. समुद्राच्या खारेपणापुढे शरीराचा तोल टिकवण्यासाठी खेकडे, कोळंबी, शिंपले यांसारखे जीव आपल्या पेशींत अमिनो आम्ले साठवून ठेवतात, आणि त्यांतले ग्लायसिन चवीला खरोखरच गोड असते.

मासळी माणसांना असे एकत्र गुंतवते म्हणूनच बिनकाट्याच्या, कातडी सोलून बंद पाकिटात मिळणाऱ्या तुकड्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. कामाच्या दिवशी, एकट्या माणसाला ते सोयीचे असतात हे मान्य. लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या घशात काटा अडकण्याची भीतीही खोटी नाही. पण चार माणसे मुद्दाम जमली असताना तसा तुकडा पुढे आला की तो पाच मिनिटांत संपतो आणि कोणाला कोणाची गरज पडत नाही. अख्ख्या माशाभोवती मात्र माणसे एकमेकांसाठी काहीतरी करू लागतात. माझे वडील तुकडी बोटांनी चाचपून, मधला काटा एका ओढीत काढून आमच्या पानात टाकत. आता बारीक काटे त्यांना दिसत नाहीत. तेच काम माझा भाचा त्यांच्यासाठी करतो, आणि वर ‘आजोबा, सावकाश चावा’ अशी तंबीही देतो. माशाच्या गालाचा इवलासा मऊ तुकडा कोणाला द्यायचा यावरून जी लाडीक भांडणे होतात, ती पाकिटातल्या तुकड्यावरून होणे शक्यच नाही.

शिवाय पाकिटाबरोबर डोके आणि काटेही गमावले जातात, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली समुद्री शेवाळातल्या ग्लुटामेटमध्ये उमामी ही गोड, आंबट, खारट आणि कडू यांपलीकडची पाचवी चव ओळखली, आणि १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या माशात तशीच चव देणारे इनोसिनेट शोधले. ही दोन्ही द्रव्ये एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. माशाची डोकी आणि काटे पिकल्या टोमॅटोबरोबर मंद उकळून केलेले पाणी एवढे भरीव का लागते, याचे उत्तर इथे आहे, कारण टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असते. मोठ्या गोतावळ्याला पुरून उरणारा पदार्थही हाच. मासा मोजून वाढावा लागतो. रस्सा मागेल त्याला मागेल तितका देता येतो.

पाहुण्यांच्या बाबतीत एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी ही खोड नसते. ट्रोपोमायोसिन नावाच्या ज्या प्रथिनामुळे ती प्रामुख्याने होते ते शिजवल्याने निष्प्रभ होत नाही, त्यामुळे ‘चांगले उकळले आहे, एक खाऊन तर बघ’ हा आग्रह प्रेमाचा असला तरी धोक्याचा आहे. आमच्या एका मित्राला हा त्रास आहे. त्याचा मासा आम्ही वेगळ्या तव्यावर, वेगळ्या तेलात, सर्वांच्या आधी तळून घेतो, आणि मग तो आमच्याइतकाच वेळ आमच्यात बसतो. दुसरी दक्षता खरेदीची. बांगडा किंवा ट्यूनासारखा मासा उबेत पडून राहिला तर त्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य तयार होते, आणि ते कितीही शिजवले तरी जात नाही. म्हणून बाजारातल्या फेरीत मासळी शेवटी घ्यावी, बर्फात ठेवावी आणि गप्पांत रमण्याआधी घर गाठावे.

अशा जेवणानंतर मध्यभागी कवचांचा आणि शिंपल्यांचा जो ढीग साचतो, तो लगेच उचलण्याची घाई मला आवडत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंट येथील गुहेत सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वी माणसांनी शिंपले खाल्ल्याचे पुरावे सापडले आहेत, आणि जगातल्या अनेक किनाऱ्यांवर तर शिंपल्यांचे टेकाडभर ढिगारे पुरातत्त्वज्ञ आजही उकरत आहेत. त्या लोकांची भाषा आपल्याला माहीत नाही, त्यांची नावे माहीत नाहीत, पण त्यांच्या जेवणाचा उष्टा कचरा शिल्लक आहे.

आता थोडी कटू बाजू. मासळी वेळेवर गरम खाल्ली पाहिजे, हा नियम ज्या घरांत काटेकोरपणे पाळला जातो, त्या घरांत शिजवणारी व्यक्ती, आणि ती बहुधा बाईच असते, शेवटी उरलेले आणि गार झालेले खाते. माझी आत्याही आम्हाला एकत्र बसवून स्वतः चुलीपाशी उभी राहिली, आणि तिच्या हातच्या चवीचे गोडवे गाताना आम्ही हे कधी मोजले नाही. जेवण सगळ्यांचे म्हणायचे आणि एकीला त्यातून वगळायचे, ही रीत मला आता मान्य नाही.

उपाय अवघड नाही. काम स्वयंपाकघरातून उचलून पानावर आणता येते. कोळंबी सालासकट शिजवावी आणि ज्याने त्याने आपली सोलून घ्यावी. जिवंत शिंपले साफ करून, उघडे राहिलेले आणि टिचकी मारूनही न मिटणारे टाकून देऊन, उरलेले एकाच मोठ्या पातेल्यात झाकण लावून वाफवावेत. पाचेक मिनिटांत ते उघडतात, मग पातेले थेट मध्यभागी ठेवावे आणि वाढणाऱ्यानेही बसून घ्यावे. पुढच्या वेळी आमचा बेत हाच ठरला आहे, आणि शिंपले घासून साफ करण्याची पाळी आम्ही एकमताने त्या मित्रांवर टाकली आहे, ज्यांनी आजवर फक्त स्वयंपाकाचे कौतुक केले.